गाळलेलं पान

दुमाई,
ता. २ एप्रिल १९८८

आ. उनी यूलिनार हिस,
धाकट्या भावाचा सा. स. वि. वि.

इकडे सगळं ठीक. इहसानला सात महिने झाले, खालचे दोन दात आले. बोट दिलं की करकचून चावतो. त्याची आई म्हणते, आजोळावर गेलाय. मी म्हटलं, आजोळाचं नाव या घरात नको.

पत्रास कारण तीच. लग्नाला दोन वर्षं झाली, हलीमा बाताकांचं ख्रिस्ती घर सोडून, कलमा पढून आपल्यात आली, पण गाडी तिथंच अडलीय. दुपारच्या नमाजेला चार रकाती असतात हे दहादा सांगितलं, तरी परवा शेजारच्या हाजीबाईंसमोर तीन करून उठली. बायका फिदीफिदी हसल्या. त्या तिला हसत नाहीत, मला हसतात. म्हणतात, बुस्तामानच्या खानावळीतला भात चोख, घरातला धर्म कच्चा. हे ऐकून घ्यायला मी बंदरावर एवढं नाव कमावलं का?

मला शिकवायला सवड नाही. उजाडायच्या आत कालवणं चुलीवर चढतात, दिवसभर बारा बशा एका हातावर तोलत फिरायचं, रात्री अंग मोडून येतं. तू थोरली बहीण, माझी उनी, गावच्या नमाजघरात, सुराऊत तीस वर्षं पोरींना शिकवतेस. सात वर्षांच्या पोरीला सांगतेस तेच हिला लिहून पाठव. सोपं लिही. बाताक डोकं आहे, ठोकल्याशिवाय आत जात नाही. आणि फाजील लाड नकोत. रमजान तोंडावर आलाय, या खेपेला तिच्याकडून तीसच्या तीस रोजे करून घेणार आहे.

तुझ्या गुडघ्यांना तेल लावत जा. रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.

तुझा,
बुस्तामान

०

सुंगई दुरियान, पायाकुंबूहजवळ,
ता. ९ एप्रिल १९८८

चि. सौ. हलीमा हिस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या नवऱ्यानं मला हुकूम सोडलाय की तुला धर्म शिकव. हा स्वतः लहानपणी सुराऊच्या मागच्या खिडकीतून उडी मारून ओढ्यावर मासे धरायला पळायचा, ते त्यानं तुला सांगितलं नसेल. मी सांगते. कान धरून मीच परत आणायची.

आधी कलमा. अल्लाहशिवाय भक्तीला योग्य दुसरं कोणी नाही, आणि मुहम्मद त्याचे पैगंबर. ही दोन वाक्यं मनापासून म्हटलीस, तेव्हाच तू आमच्या बरोबरीची झालीस. आम्ही आयते जन्माला आलो, तू पायानं चालत आलीस. तेव्हा हाजीबाई असो नाही तर तिची सासू असो, मान खाली घालायचं तुला कारण नाही.

मनात काय धरायचं? अल्लाह एक. त्याचे फरिश्ते आहेत, त्यानं पाठवलेले ग्रंथ आहेत, पैगंबर आहेत, हिशेबाचा दिवस आहे, आणि बरंवाईट त्याच्या मर्जीबाहेर घडत नाही. ईसा आम्हांलाही पैगंबरच. मरियमचं नाव आम्हीही आदरानं घेतो. तुझ्या आईच्या घरी जी नावं ऐकत वाढलीस ती टाकायची नाहीत, फक्त अल्लाहच्या जागी बसवायची नाहीत.

नमाज पाच वेळा. आधी वजू, म्हणजे तोंड, हात, डोकं, पाय पाण्यानं स्वच्छ. एक रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं आणि कपाळ टेकून दोन सजदे. पहाटे दोन रकाती, दुपारी चार, उन्हं कलली की चार, सूर्य बुडाला की तीन, रात्री चार. मोजताना चुकलीस तर राहिलेली पुरी कर आणि शेवटी दोन सजदे जास्त घाल. माणूस विसरतं हे अल्लाहला ठाऊक आहे, म्हणून ते सजदे ठेवलेत. त्यानं सोय केली आणि त्या बंदरावरच्या भवान्या दात काढतात!

रोजा म्हणजे पहाट फुटल्यापासून सूर्य बुडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि शिवी, चहाडी, खोटंही नाही. पोटाचा रोजा सगळेच धरतात, जिभेचा धरवत नाही. मलासुद्धा. पण अंगावर पाजणाऱ्या बाईला त्यात सूट आहे. आजाऱ्याला, प्रवाशाला, पोटुशीलाही आहे. दूध आटत असेल, बाळाला त्रास होत असेल तर रोजा सोड आणि पुढे सवडीनं फेड. यात कमीपणा नाही. बाळाच्या तोंडचं काढून अल्लाहला काही द्यायचं नसतं.

आणि एक, न विचारता सांगते. आई कुठल्याही धर्माची असो, तिच्याशी गोडीनं वागायचं असा हुकूम आहे. तिनं अल्लाहला सोड म्हटलं तर तेवढं ऐकायचं नाही, बाकी सगळं ऐकायचं. पैगंबरांच्या मेहुणीनंच त्यांना विचारलं होतं, की माझी आई मूर्ती पूजते आणि मला भेटायला आलीय, भेटू का? ते म्हणाले, भेट. तेव्हा पोर्सेआला आईला पत्र लिहिशील त्यात माझाही सलाम लिही.

जकात म्हणजे वर्षभर शिलकीत पडून राहिलेल्यातला चाळिसावा हिस्सा. तो मुळात गरिबाचाच, आपण नुसता पोचवायचा. शिवाय ईदच्या नमाजेआधी घरात माणशी अडीच किलो तांदूळ बाहेर पडला पाहिजे, इहसानच्या नावाचासुद्धा. आणि हज, ज्याला ऐपत आणि अंगात धमक त्याला जन्मात एकदा. माझे गुडघे बघता अल्लाहलाच माझ्याकडे यावं लागेल असं मी मुलींना म्हणते, आणि मग तोबा करते.

काही अडलं तर मला विचार. माझ्या भावाला विचारू नकोस, त्याला येत नाही. इहसानच्या दोन्ही दातांना माझे मुके. तुझा जीव आमच्यात रमो, एवढंच मागते.

तुझी,
उनी यूलिनार

०

दुमाई,
ता. २५ एप्रिल १९८८

आ. उनींस,
रोतुआचा, म्हणजे हलीमाचा, सा. स. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. भवान्या वाचून इतकी हसले की इहसान दचकला. पण उनी, टपालात पान गळतं का हो? पाकीट हातात आलं ते चिकटवलेलं नव्हतं, नुसतं दुमडलेलं होतं. दुसरं पान ‘पण’ या शब्दावर संपतं आणि पुढच्या पानावर थेट जकात सुरू होते. त्या ‘पण’च्या पुढे काय होतं? मला ते फार हवं आहे.

कारण आज आठवा रोजा आणि माझं दूध आटत चाललंय. इहसान दोन ओढी घेतो आणि तोंड बाजूला करून रडतो. मी त्याला पेज आणि केळं कुस्करून देते. यांना म्हटलं, काही सूट असते का? हे म्हणाले, एक रोजा सोडलास तर तू अजून बाताकच आहेस. म्हणून धरते. आजवर कुणी मला भित्री म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट मोठी आहे. धक्क्यावर सुकी मासळी विकायला आमच्या पोर्सेआची एक बाई येते. ती म्हणाली, तुझी आई अंथरुणाला खिळली, पोट फुगलंय, डॉक्टरनं हात टेकले, घरी न्या म्हटलं. मी यांच्याकडे गाडीला बसवून द्या म्हणून विनवलं. हे म्हणाले, जिथं डुक्कर शिजतं त्या उंबऱ्यात पाय ठेवलास की कलमा तुटला, कलमा तुटला की निकाह तुटला, आणि मग मुलावर तुझा हक्क नाही. उनी, मी तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा शोधलं. कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. यांतल्या कशात हे बसतं ते मला सापडलं नाही. माझं नावही यांनीच बदललं, जुनं नाव ठेवलं तर दुवा पोचत नाही म्हणाले. रोतुआ म्हणजे आमच्या भाषेत बरकत आली. हे अल्लाहला ऐकू जात नाही का?

आईनं दोन वर्षांत एक ओळ पाठवली नाही. तिला लिहिता येत नाही, पण माझा थोरला भाऊ साउत शाळामास्तर आहे. मी तीन पत्रं टाकली, म्हणजे टाकायला यांच्याकडे दिली. उत्तर नाही. रागावली असेल असं मी धरून चालले होते. आता वाटतं, निदान रागावलेली तरी बघायला मिळावी.

मी रडत लिहीत नाही, रागानं लिहिते. माझ्या नव्या धर्माचा राग येत नाही, तुमचं पत्र वाचून तर मुळीच नाही. राग याचा येतो, की यांतलं अल्लाहचं कुठलं आणि यांचं कुठलं ते मला कळत नाही. हे पत्र सुईणबाईंच्या हाती देते. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर धाडा. तुमची सावली असू द्या.

तुमची,
रोतुआ

०

सुंगई दुरियान,
ता. २ मे १९८८

चि. बुस्तामान यास,
आशीर्वाद आज लिहीत नाही, शिल्लक नाहीत. वि. वि.

तळपायाची आग मस्तकात गेलीय, म्हणून अक्षर वाकडं येईल, समजून घे. पान गळलं नाही, तू गाळलंस. मी तुझ्या बायकोला लिहिलेलं पाकीट तू फोडलंस, वाचलंस, सोयीचं ठेवलंस आणि गैरसोयीचं काढून घेतलंस. मेल्या, अर्धं सांगणं हे खोटं सांगण्याहून वाईट, कारण त्याला खऱ्याचा वास येतो. ते पान तिला मी पुन्हा लिहून पाठवलंय. कुणामार्फत, ते विचारू नकोस.

आपल्या गावचा मारलिस ट्रकवाला परवा आला होता. म्हणाला, रमजानात भर दुपारी बंदरावर कुठं जेवण मिळत नाही, पण बुस्तामानच्या खानावळीला पडदा लावलेला असतो आणि पडद्याखाली ओळीनं पाय दिसतात. आत बसलेल्यांत मालकही ताट घेऊन होता, असं तो हसत हसत सांगत होता. मी हसले नाही. तू पडद्याआड भात हाणायचास आणि घरी अंगावर पाजणारी बाई पाण्याचा थेंब न घेता उभी! दुसऱ्याच्या रोज्यानं स्वतःची अब्रू झाकतोस का रे?

आता नीट ऐक. डुकराचं मांस खाणं हराम, मान्य. ते शिजणाऱ्या घरात आजारी आईच्या उशाशी बसणं हराम, हे तुला कुणी सांगितलं? उंबरा ओलांडल्यानं कलमा तुटत नाही आणि निकाहही तुटत नाही. नाव वाईट अर्थाचं नसेल तर बदलायची गरज नाही. तुला हलीमा हवी होती, अल्लाहची तशी काही मागणी नव्हती. तुझी भीती, तुझा हट्ट आणि तुझी लाज, सगळं त्याच्या नावावर खपवतोस. एवढं धाडस माझ्यात नाही बाबा.

तिचा रोजा आजपासून बंद. ईद झाली की दुसऱ्या दिवशी तिला आणि इहसानला पोर्सेआच्या गाडीत बसवून दे. बसवलं नाहीस तर मी येते. आणि हे कळल्यावर तिच्यावर आवाज चढवलास तर लक्षात ठेव, आपलं घर आईकडून माझ्याकडे आलंय आणि त्याचं दार मी लावू शकते.

लोभाचं काय करायचं ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

यूलिनार

०

दुमाई,
ता. ९ मे १९८८

उनीस,
स. वि. वि.

वाचलं. गावभर वाजवायचं तेवढं बाकी ठेवलं आहेस, तेही कर. पान मी काढलं. हो, काढलं. मी तुला पाच गोष्टी शिकव म्हटलं होतं, माझ्या संसारात फट पाड म्हटलं नव्हतं. पडद्याचं म्हणशील तर ट्रकवाले प्रवासी असतात, त्यांना सूट आहे, हे तूच लिहिलंस. आणि मालकानं चव न बघता कालवण वाढायचं का?

सुराऊत बसून धर्म सोपा असतो. मागणी घालायला मी पोर्सेआला गेलो होतो, ते तुला कधी सांगितलं नाही. तिच्या भावांनी घरभर गोतावळा जमवला आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. ताटात काय होतं ते लिहीत नाही. वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उठलो, तर साउत म्हणाला की पाहुण्याला भूक नाही वाटतं, आणि सगळं घर हसलं. लहान पोरंसुद्धा हसली. त्या घरात माझ्या बायकोनं आणि मुलानं जायचं?

तुला पोरं नाहीत, म्हणून एक गोष्ट कळत नाही. आपल्यात कूळ आईकडून येतं, त्यांच्यात बापाकडून. माझ्या मुलाची आई बाताक आणि बाप मिनांग. आपल्या माणसांत तो कुठल्या घराचा नाही आणि त्यांच्यातही नाही. दोन्हीकडून पोरगा उघडा. त्याला द्यायला माझ्याकडे फक्त धर्म आहे. ती तिकडे गेली तर परत येणार नाही, आणि त्याच्या डोक्यावर चर्चचं पाणी पडेल. मग मी काय करू, ते तुझ्या कुठल्या पानावर लिहिलंय?

तिला मी काही बोललो नाही. ती मला बोलली. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं एका दमात ऐकवलं. रोजे सोडलेत, दूध आलंय, खूश हो. पण पोर्सेआ नाही. हा माझा शेवटचा शब्द. तू येऊ नकोस, प्रवासानं गुडघे धरतील.

माया असेल तर राहू दे, नसेल तर जबरदस्ती नाही.

बुस्तामान

०

पोर्सेआ,
ता. २८ मे १९८८

बुस्तामान यास,
वि. वि.

ईदनंतर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या दारात आले. तू मिरच्या भरायला पेकानबारूला गेला होतास. रोतुआनं मला पाहिलं आणि दहा मिनिटांत इहसानला पाठीशी बांधून उभी राहिली. बोचकं आधीच भरलेलं होतं. गल्ल्यावर चिठ्ठी ठेवलीच होती. तीन दिवस गाड्या बदलत आलो. गुडघे धरले. तू म्हणालास ते एवढं एक खरं झालं.

दारात साउत आडवा उभा होता. हात जोडणं नाही, या म्हणणं नाही. आत गेला आणि आईच्या पानाच्या पिशवीतून एक कागद काढून रोतुआपुढे टाकला. हे तुझंच ना, असं विचारलं. नाताळात सगळं घर जमलं असताना हा कागद आला होता आणि त्यानंच तो मोठ्यानं वाचून दाखवला होता, आईला वाचता येत नाही म्हणून. मी वाकून पाहिला. मी मुसलमान झाले, मला आता आई नाही, माझ्या धर्मात तुमचं तोंड बघणं पाप आहे, पुन्हा पत्र पाठवू नका. खाली सही हलीमा.

अक्षर तुझं होतं. शेवटच्या अक्षराला शेपटी काढायची तुझी खोड मोडावी म्हणून मी तुला पाटीवर किती वेळा गिरवायला लावलं, आठवतं? तीच शेपटी. गेल्या दोन वर्षांत साउतनं पाच पत्रं पाठवली म्हणे. ती कुठं आहेत ते तुझं तुला माहीत.

मी तोंड उघडणार होते. रोतुआनं माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. ती साउतला म्हणाली, “हो, माझंच.” आई खाटेवर होती, ऐकत होती. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सहा दिवस झाले, लेकीच्या हातची पेज पिते, तिच्याकडून कूस बदलून घेते, पण तिच्याशी शब्द बोलत नाही. इहसानशी बोलते.

बाहेर तळ्याच्या काठावर नेऊन मी रोतुआला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, मी सांगितलं तर भाऊ म्हणतील नवऱ्यावर ढकलते. तुम्ही सांगितलं तर भाऊ दुमाईला जाऊन त्याला बडवतील, खानावळ पेटवतील. आणि आईला कळेल की आपली लेक कसल्या माणसाच्या घरात आहे, तो घोर घेऊन ती मरेल. त्यानं लिहिलं आहे, त्यानं येऊन सांगावं, आणि सांगताना चुकलो म्हणावं, म्हणजे तिला दोन्ही एकदम कळेल. बुस्तामान, तू ताटावरून उठलास तो अपमान मला कळतो रे. खरंच कळतो. मी त्या दिवशी असते तर साउतच्या थोबाडीत दिली असती. पण ते ताट या म्हाताऱ्या बाईनं वाढलं नव्हतं. त्या दिवशी ती मासे घेऊन बाजारात गेली होती, हे साउतची बायको मला सांगते.

आता शेवटचं शिकवते, सुराऊत या धड्याला तू ओढ्यावर होतास वाटतं. नमाज बुडाली, रोजा बुडाला, तर ते तुझं आणि अल्लाहचं. तोबा कर, तो दयाळू आहे. पण माणसाचा हक्क मारलास, माणसाचं काळीज फाडलंस, तर अल्लाह मध्ये पडत नाही. आधी त्या माणसानं माफ करावं लागतं. आणि ते माणूस जिवंत असेपर्यंतच जमतं. डॉक्टर म्हणतो, दोन आठवडे, फार तर तीन. निघ. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. दार उघडं राहील याची जबाबदारी माझी.

यूलिनार

०

दुमाई,
ता. ४ जून १९८८

आ. उनीस,
सा. स. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मी ते रागाच्या भरात लिहिलं होतं. मोठ्यानं वाचलं जाईल हे डोक्यात आलं नाही.

येतो. पण जहाजवाल्यांच्या जेवणाचं काम धरलंय, आठ-दहा दिवस खानावळ सोडता येत नाही. शिवाय एकदम त्या भावांसमोर उभं राहायचं म्हणजे तूच विचार कर. तोवर तू थोरली आहेस, माझ्या वतीनं तूच म्हातारीला सांगून टाक. चुकलो म्हणाला म्हणून सांग. शब्द तुला माझ्यापेक्षा बरे सुचतात. मी पंधरा तारखेच्या सुमारास निघतोच. रोतुआला सांग, मी तिचं नाव रोतुआच लिहिलंय.

पोटात घालशील अशी आशा धरतो.

तुझा,
बुस्तामान

०

पोर्सेआ,
ता. १६ जून १९८८

बुस्तामान यांस,
रोतुआचा सलाम. वि. वि.

आई शुक्रवारी, दहा तारखेला गेली. तुमचं पत्र तेरा तारखेला आलं. उनींनी ते वाचलं आणि मला दिलं. काल त्या गावी परतल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की दुसऱ्याच्या वतीनं रोजा धरता येतो का, हे त्याला विचार.

इहसान बरा आहे, धरून उभा राहतो. त्याच्या डोक्यावर कुणी पाणी घातलेलं नाही. कुणी घालतो म्हटलंही नाही, ती भीती तुमची तुम्हीच घालून घेतली होती. राहिलेले रोजे मी इथं फेडते आहे. पहाटे वहिनी उठून मला भात गरम करून देते आणि अजून झोपेत असल्यासारखी समोर बसून राहते. माझ्यासाठी तिनं वेगळं भांडं काढलंय. तीनच्या जागी चार रकाती आता आपोआप होतात. तुम्हाला वाटलं होतं, मी इथं आले की कलमा तुटेल. कलमा मी तुमच्यासमोर म्हटला, तुमच्या नावानं म्हटला नव्हता.

मी दुमाईला येत नाही. भाताची कापणी होईपर्यंत इथंच आहे, पुढचं उनी आणि मी ठरवू. तुम्हाला यायचं तर या. दारात उभं राहून साउतला आधी सांगायचं की ते पत्र कुणी लिहिलं, आणि मग चपला काढायच्या. तो मारील. मार खा. मी मध्ये पडणार नाही.

आता आईचं. पुलापलीकडे गाडी थांबली की मी ओट्यावर जाऊन बघायची. उनी म्हणायच्या, आज येईल. आई विचारायची नाही, पण मी ओट्यावर गेले की तिचे डोळे माझ्या मागून यायचे. बुधवारी सकाळी तिनं आपणहून माझ्याकडे तोंड केलं. अठरा दिवसांत पहिल्यांदा. इहसानला जवळ घ्यायला लावलं, त्याच्या मुठीत स्वतःचं बोट दिलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पोरी, त्या पत्राचं मी मनातून काढून टाकलं. मी तुला माफ केलं.”

मी सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती हसत होती, आणि तिला दम लागला होता. मी मान खाली घातली आणि बरं म्हटलं. त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

नाताळापासून तिनं ती माफी साठवून ठेवली होती आणि जाता जाता माझ्या पदरात टाकून गेली. ती माझी नव्हती. मी ते पत्र लिहिलं नव्हतं. तुमची होती, आणि तुम्ही जहाजवाल्यांचं जेवण वाढत होता. आता मला ती तुम्हाला देता येत नाही. उनींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, नाही देता येत.

रोतुआ